विचारलं म्हणून सांगितलं

रात्री पावणेदहाला मॅडमचा फोन आला तेव्हा मी डोंबिवली स्टेशनच्या पुलावर होते. ‘लिंक पाठवलीये. घरी पोचलीस की लॅपटॉप उघड,’ एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. एका आर्थिक दैनिकाच्या वेबसाइटवर आमच्या कंपनीची बातमी लागली होती. कंपनी आपला एक कारखाना विकायच्या बेतात आहे, बोलणी शेवटच्या टप्प्यात आहेत, असं नाव न सांगण्याच्या अटीवर दोघांनी सांगितलं होतं. खाली नेहमीची ओळ होती: कंपनीला पाठवलेल्या ई-मेलला बातमी प्रसिद्ध होईपर्यंत उत्तर आलं नाही.

मी कंपनी सेक्रेटरीच्या, म्हणजे मॅडमच्या, खात्यात काम करते. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला जे जे जाहीर करावं लागतं, ते एक्सचेंजच्या पोर्टलवर चढवणं हे आमचं काम. तिमाही निकाल, लाभांश, एखाद्या संचालकाचा राजीनामा, कारखान्यात आग लागली तर तिची खबर. चौदा वर्षं झाली. बाहेरच्या माणसाला वाटतं की कंपनी जाहीर करते आणि मग वर्तमानपत्रं ते छापतात. माझ्या टेबलावरून मात्र उलटी गाडी जाताना मी कितीतरी वेळा पाहिली आहे. आधी बातमी येते, आणि बातमी आली म्हणून कंपनी बोलते.

त्या रात्री साडेअकरापर्यंत आम्ही दोघी फोनवर होतो. मसुद्यात मी एक वाक्य घातलं होतं, की कंपनी आपल्या व्यवसायाच्या हितासाठी वेळोवेळी निरनिराळ्या पर्यायांचा आढावा घेत असते. असं वाक्य प्रत्येक कंपनीच्या जुन्या फाइलींत सापडतं. मॅडम म्हणाल्या, ‘हे काढ. यातून कुणाला काय कळलं? बोलणी चालू आहेत की नाहीत?’ मी म्हटलं, आहेत. ‘करार झालाय?’ नाही. ‘मग तेवढंच लिही. बोलणी चालू आहेत, करार झालेला नाही, संचालक मंडळाने अजून काही मंजूर केलेलं नाही.’ तीन वाक्यं झाली. दुसऱ्या दिवशी बाजार उघडल्यावर शेअर वर पळाला, आणि दुपारच्या आत ती तीन वाक्यं एक्सचेंजच्या साइटवर होती. कंपनीच्या इतिहासात असं सरळ पत्र बहुधा पहिलंच.

यामागे सेबीचा, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, एक नियम आहे. नोंदणी आणि प्रकटीकरणाचे जे २०१५ चे नियम आहेत, त्यातल्या ३० व्या नियमात २०२३ च्या जून महिन्यात भर घातली गेली. मुख्य प्रवाहातल्या माध्यमांत कंपनीबद्दल एखादी ठोस, नजीकच्या घडामोडीची वार्ता आली, तर कंपनीने २४ तासांच्या आत ती खरी आहे, खोटी आहे की अर्धवट आहे ते सांगायचं. बाजारमूल्याने पहिल्या १०० कंपन्यांसाठी हे १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू होणार होतं. कंपन्यांनी वेळ मागितला, तारीख फेब्रुवारी २०२४ वर गेली, मग १ जून २०२४ वर. पहिल्या २५० कंपन्यांपर्यंत हा नियम १ डिसेंबर २०२४ ला पोचला. मधल्या काळात एक महत्त्वाचा बदल झाला. प्रत्येक वावडीला उत्तर देत बसायचं नाही. त्या बातमीने शेअरचा भाव ठरावीक प्रमाणाबाहेर हलला तरच. भाव हलला की घड्याळ सुरू. शिवाय कंपनीने प्रवर्तकाला (म्हणजे कंपनी ज्याच्या ताब्यात असते त्याला), संचालकाला किंवा वरिष्ठ अधिकाऱ्याला ‘ही बातमी खरी आहे का’ असं विचारलं, तर त्याने नीट आणि वेळेवर उत्तर देणं आता बंधनकारक आहे. आमच्यासारख्या खात्यांना या शेवटच्या वाक्याने किती बळ दिलं ते बाहेरून दिसणार नाही. पूर्वी प्रवर्तकांच्या केबिनमध्ये फोन लावला की ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ हे उत्तर ठरलेलं असायचं. आता मॅडम नियमाचा आकडा सांगतात आणि साहेब मीटिंगमधून बाहेर येतात.

‘मुख्य प्रवाहातली माध्यमं’ म्हणजे काय, हेही नियमात लिहिलेलं आहे: नोंदणीकृत वर्तमानपत्रं, परवाना असलेल्या वाहिन्या, बातम्यांची संकेतस्थळं, आणि परदेशातली याच प्रकारची माध्यमं. व्हॉट्सॲपचा ग्रुप त्यात नाही. मला हे बरोबर वाटतं, कारण ग्रुपवरच्या प्रत्येक फॉरवर्डला उत्तर द्यायचं म्हटलं तर कंपन्या दुसरं काही करूच शकणार नाहीत. पण २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये रॉयटर्सने दाखवून दिलं होतं की मोठमोठ्या कंपन्यांच्या निकालांचे आकडे जाहीर होण्याआधीच व्हॉट्सॲप ग्रुपांत फिरत होते. सेबीने चौकशी केली, काही जणांना दंड केला. पुढे अपील प्राधिकरणाने तो रद्द केला आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही सेबीच्या हाती काही लागलं नाही. आकडे कुठून फुटले ते सिद्ध झालं नाही. तरीही आम्ही ज्या पद्धतीने काम करतो ती त्या बातमीनंतर बदलली. निकालांची फाइल कुणाकुणाच्या हातातून जाते, किती वाजता जाते, याची डिजिटल नोंद ठेवणं आलं. ही शिस्त लागली ती खटल्यामुळे कमी आणि बातमीमुळे जास्त, असं माझं मत आहे.

एक्सचेंजही विचारतं, ते आजचं नाही. अमुक दैनिकात अमुक तारखेला अशी बातमी आली आहे, खुलासा करावा, अशी क्वेरी येते आणि ती सगळ्यांना दिसेल अशी साइटवर लागते. खाली लिहिलेलं असतं, उत्तराची प्रतीक्षा आहे. पूर्वी उत्तर यायचं ते असं: बाजारातल्या तर्कवितर्कांवर भाष्य करणं हे कंपनीचं धोरण नाही. त्यात खोटं काही नसे, आणि त्यातून कुणाला काही कळतही नसे. मी स्वतः असली कितीतरी पत्रं टाइप केली आहेत. पंधरा दिवसांनी तोच सौदा जाहीर व्हायचा. आधीचं पत्र वाचून ज्याने शेअर विकून टाकला, त्याने कुणाकडे जायचं?

कंपन्यांची बाजूही मला ठाऊक आहे. अर्ध्या कच्च्या सौद्याची वाच्यता झाली की भाव चढतो. मग खरेदी करणाऱ्याला चढ्या भावाने ओपन ऑफर, म्हणजे बाकीच्या भागधारकांचे शेअर घ्यायची जाहीर तयारी, द्यावी लागते, कारण तिची किमान किंमत मागच्या बाजारभावांच्या सरासरीवर बसते. सौदा त्यातच मोडतो. म्हणून कंपन्या कबूल करायला कचरतात. यावर तोडगा म्हणून ‘अप्रभावित भावा’ची सोय केली गेली. चोवीस तासांच्या आत कबुली दिली, तर बातमीमुळे भावात आलेली चढउतार त्या हिशेबातून वगळायची. खरं बोलणाऱ्याचं नुकसान होऊ नये, एवढी साधी गोष्ट. पण ती नियमात यायला २०२४ साल उजाडलं.

चोवीस तासांत बोलायची ही सक्ती पहिल्या २५० कंपन्यांपुरती. मुंबई शेअर बाजारात पाच हजारांहून जास्त कंपन्या नोंदलेल्या आहेत.

माझी पहिली नोकरी त्या उरलेल्यांपैकी एका कंपनीत होती. नाव सांगत नाही. कारखाना मुंबईबाहेर, ऑफिस अंधेरीला, प्रवर्तक एकाच घरातले, आणि हजारो छोटे भागधारक, त्यातले पुष्कळसे कारखान्याच्या आसपासच्या गावांतले. आमच्यावर बातमी कधी यायचीच नाही. निकालाच्या दिवशी बोर्ड मीटिंग संपली की पोर्टलवर पीडीएफ चढवायची, आणि मग शांतता. फोन नाही, ई-मेल नाही. विश्लेषकांचा कॉल ठेवला तर जेमतेम तीन-चार जण, आणि त्यातला एक आमच्याच बँकेचा. कोणी बघतच नाही म्हटल्यावर माणूस कसा लिहितो, ते मी तिथे शिकले. मागच्या तिमाहीची फाइल उघडायची, आकडे बदलायचे, टिपा तशाच ठेवायच्या. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. धूळ जशी साचते तसं ते साचत जायचं.

निकालाच्या तक्त्याखाली टिपा असतात. आमची सहावी टीप एका ओळीची होती. कंपनीने एका संबंधित कंपनीला (म्हणजे हितसंबंध जोडलेल्या कंपनीला) व्यवसायाच्या नेहमीच्या ओघात कर्जाऊ रक्कम दिली आहे, व्यवस्थापनाच्या मते ती पूर्णपणे वसूल होण्याजोगी आहे. किती, कधी, कोणत्या व्याजाने, काही नाही. ही ओळ माझ्या आधीपासून तशीच चालत आलेली होती आणि मीही ती सात तिमाह्या जशीच्या तशी उचलली.

मग एका दुपारी लँडलाइनवर एका वार्ताहराचा फोन आला. तरुण आवाज, बोलणं मराठीत. ‘मॅडम, तुमच्या वार्षिक अहवालात संबंधित पक्षांच्या व्यवहारांचा तक्ता आहे, त्यात एका कंपनीला दिलेली रक्कम दोन वर्षांत दुप्पट झालेली दिसते. सहाव्या टिपेतली कंपनी तीच का? आणि दुप्पट झालेल्या रकमेवरचं व्याज तुमच्या उत्पन्नात मला कुठे दिसत नाही.’ मी सांगितलं, लेखी पाठवा. त्याने खरंच लेखी पाठवलं. पाच प्रश्न, प्रत्येकापुढे पान क्रमांक.

त्या ई-मेलने आमच्या ऑफिसात जे झालं, ते कुठल्याही परिपत्रकाने झालं नव्हतं. सीएफओ, म्हणजे वित्तप्रमुख, आले, ऑडिटरला बोलावलं, जुना ठराव शोधला, करारपत्र शोधलं. ते सापडायला दोन दिवस लागले. लेखापरीक्षण समितीवरचे एक स्वतंत्र संचालक, निवृत्त बँकर, त्यांनी तो ई-मेल वाचून विचारलं, ‘हे प्रश्न आपल्यापैकी कुणी का विचारले नाहीत?’ कुणी काही बोललं नाही. बातमी आतल्या पानावर दोन कॉलमांची आली, सनसनाटी काही नाही. पण पुढच्या तिमाहीत सहावी टीप सात ओळींची झाली: मूळ रक्कम, वाढीव रक्कम, व्याजाचा दर, थकलेलं व्याज किती, परतफेडीची तारीख. आणखी तीन तिमाह्यांनी निम्मी रक्कम परत आली. ती बातमी नसती तरी आली असती का? मला वाटत नाही. सातही ओळी मीच टाइप केल्या होत्या, आणि टाइप करताना गावाकडचे ते भागधारक पहिल्यांदा डोळ्यांसमोर आले. त्यांना हे सात तिमाह्यांपूर्वी कळायला हवं होतं.

तो वार्ताहर नंतर अर्थपत्रकारिता सोडून एका जाहिरात कंपनीत गेला, असं ऐकलं. वाईट वाटलं. वार्षिक अहवालाच्या शेवटच्या शंभर पानांत बोट घालून बसणारा माणूस तयार व्हायला वर्षं लागतात आणि तो कामाचे पैसे मागतो. मराठी दैनिकांत तर अर्थपानाच्या वाट्याला फार थोडी माणसं येतात. बरीचशी पानं एजन्सीच्या मजकुरावर आणि कंपन्यांनी धाडलेल्या प्रसिद्धिपत्रकांवर भरतात. कंपनीच्या कारखान्याच्या गावात जे दैनिक घरोघर जातं, त्यात त्या कंपनीच्या निकालावर एक ओळही नसते, आणि असली तर ती कंपनीनेच लिहिलेली असते.

लिहून दिलेली बातमी कशी तयार होते, तेही सांगायला हवं. एका तिमाहीत आमचा निव्वळ नफा घटला होता, कच्चा माल महागला म्हणून. निकालाच्या तक्त्यात ते स्वच्छ होतं, एक रुपया इकडचा तिकडे नाही. पण सोबतच्या प्रसिद्धिपत्रकाची पहिली ओळ नऊ महिन्यांच्या विक्रीतल्या वाढीची होती. तिमाहीचा नफा तिसऱ्या परिच्छेदात, तोही व्याज-घसारा-कर वजा करण्यापूर्वीचा. दुसऱ्या दिवशी चार ठिकाणी बातमी आली आणि चारही ठिकाणी मथळा आमचाच होता. खोटं काहीच नव्हतं. तरी ज्याने फक्त मथळा वाचला त्याच्या मनात चुकीचं चित्र उभं राहिलं, आणि आम्हाला ते तसं राहणार हे माहीत होतं. बातमी जशी कंपनीला बोलायला लावते, तशीच कंपनी बातमीकडे बघून बोलायला शिकते. मथळ्याला किती शब्द बसतात, वाहिनीच्या तळपट्टीवर काय जाईल, हे हिशेब प्रकटीकरणाच्या मसुद्यात शिरतात. मला यात सगळ्यात जास्त धोका दिसतो, कारण यात नियम कुठेच मोडत नाही.

नियम मोडला की निदान पकडता येतं. २०२१ च्या जानेवारीत सेबीने एका हिंदी बिझनेस वाहिनीच्या सूत्रसंचालकावर आदेश काढला. तो कार्यक्रमात जे शेअर घ्या म्हणून सांगणार असे, ते आदल्या दिवशीच घरच्यांच्या खात्यांतून घेतलेले असत, आणि कार्यक्रम झाल्यावर भाव चढला की विकले जात, असं सेबीला आढळलं. त्यातले शेअर चांगले होते की वाईट, हा प्रश्नच नव्हता. टीव्हीवर नाव उच्चारलं गेलं एवढ्यानेच भाव चढायचा.

अमेरिकेत १९९८ साली याचं अगदी स्वच्छ उदाहरण घडलं. ३ मेच्या रविवारी न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर कॅन्सरवरच्या एका नव्या संशोधनाची बातमी दिली, त्यात एंट्रीमेड या छोट्या कंपनीचा उल्लेख होता. शुक्रवारी १२ डॉलरच्या आसपास बंद झालेला शेअर सोमवारी ८५ ला उघडला आणि ५२ च्या आसपास बंद झाला. पण ते संशोधन पाच महिन्यांपूर्वीच ‘नेचर’मध्ये छापून आलं होतं, आणि याच वर्तमानपत्राने तेव्हा आतल्या पानावर त्याची दखलही घेतली होती. सोमवारी बाजाराला नवीन कळलं असं काहीच नव्हतं. माहिती सगळ्यांसाठी उघडी पडलेली असणं आणि ती माणसापर्यंत पोचणं, या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. आमचं पोर्टल उघडंच असतं, दिवसरात्र. सहावी टीपही उघडीच होती.

मुंबईत याच गोष्टीची दुसरी बाजू लोकांनी पाहिली आहे. २३ एप्रिल १९९२ ला टाइम्स ऑफ इंडियात सुचेता दलाल यांची स्टेट बँकेतल्या ५०० कोटींच्या तुटीची बातमी आली. सेबीला कायद्याचं अधिष्ठान मिळून तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. आठवड्याभरात, ३० एप्रिलला, रिझर्व्ह बँकेने जानकीरामन समिती नेमली, आणि पुढे समितीच्या अहवालांतून हर्षद मेहता घोटाळ्याचा आकडा चार हजार कोटींच्या वर गेला. बँकांना हे आतून ठाऊक नव्हतं असं नाही, पण ते बाहेर आलं बातमीने. आज जे निर्देश, पोर्टल, मुदती आम्ही पाळतो, त्यातल्या पुष्कळांची मुळं त्या वर्षात आहेत.

बाबांना त्या वर्षी मोठा फटका बसला होता. मी लहान होते, मला आठवतं ते एवढंच, की ते संध्याकाळी कामावरून आले की बूट न काढता खुर्चीत बसून राहायचे. आई चहा ठेवून जायची. त्यांनी शेअर ऐकीव टिपेवर घेतले होते, त्यांच्या ऑफिसातला एक जण फोर्टात ब्रोकरकडे जायचा त्याच्या तोंडून. त्यानंतर त्यांनी एक नेम केला. ज्या कंपनीचे शेअर आहेत तिची वर्तमानपत्रात आलेली निकालाची जाहिरात कापायची आणि वहीत चिकटवायची. शिवाय मरीन लाइन्सच्या बिर्ला मातोश्री सभागारात एखाद्या कंपनीची वार्षिक सभा असली की रजा टाकून जायचे, पण प्रश्न विचारायला कधी उठले नाहीत. इंग्रजीत विचारावं लागेल म्हणून.

ती निकालाची जाहिरात तुम्हीही पाहिली असेल, वाचली मात्र नसेल. ज्या राज्यात कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय आहे तिथल्या भाषेतल्या एका दैनिकात निकाल छापायचे, असा नियम आहे. त्यामुळे महाराष्ट्रातली कंपनी म्हटली की इंग्रजी दैनिकाबरोबर एक मराठी दैनिक आलंच. ‘अलेखापरीक्षित वित्तीय निष्कर्षांचा उतारा’ असा मथळा, खाली मुंगीच्या अक्षरांत तक्ता. ‘कालावधीकरिता निव्वळ नफा/(तोटा), कर, अपवादात्मक आणि/किंवा अनन्यसाधारण बाबींपूर्वी’. ‘प्रति समभाग प्राप्ती, मूलभूत व सौम्यीकृत’. आणि टीप, की वरील माहिती म्हणजे अमुक नियमांच्या रेग्युलेशन ३३ अंतर्गत दाखल केलेल्या विस्तृत प्रारूपाचा उतारा आहे. मी या जाहिराती कितीदा दिल्या आहेत. मराठी मजकूर जाहिरात एजन्सीकडून यायचा, आणि तो तपासायला मराठी वाचणारी म्हणून मला दिला जायचा. पहिल्या वेळी मी ‘सौम्यीकृत’वर अडकले. बाबांना विचारलं. ते म्हणाले, ‘पुढेमागे शेअर वाढले तर एका शेअरमागे किती नफा पडेल, तो आकडा.’ वाणिज्य शाखेत शिकलेली मी, आणि ते गिरणीच्या टाइम ऑफिसातले कारकून. वर्षानुवर्षं त्या तक्त्यांकडे बघून त्यांनी तो अर्थ लावला होता.

‘हे असं मराठी का लिहितात?’ असंही ते एकदा म्हणाले. ‘कोणी वाचू नये म्हणून?’ मी सांगितलं, तसं नाही, इंग्रजीचं शब्दशः भाषांतर करतात, घाई असते. ४८ तासांत जाहिरात लागलीच पाहिजे असा नियम होता, तो पाळला जायचा. वाचणाऱ्याला कळलं पाहिजे असा नियम नव्हता.

डिसेंबर २०२४ पासून हा तक्ता छापणं ऐच्छिक झालं आहे. आता जाहिरातीत वेबपानाचा पत्ता आणि क्यूआर कोड दिला की भागतं. कंपनीचा खर्च वाचतो, कागद वाचतो, आणि स्कॅन करणाऱ्याला उताऱ्याऐवजी पूर्ण निकाल मिळतो. हे चांगलंच आहे. पण तो पूर्ण निकाल इंग्रजीत उघडतो. मराठी जाहिरातीतून मराठी आकडे गेले. वाईट मराठी होतं, पण त्यावर बोट ठेवून विचारता येत होतं.

गेल्या निकालांच्या हंगामात बाबांनी मला वर्तमानपत्राचं पान दाखवलं. वय ऐंशीच्या पुढे गेलंय, एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय. त्यांच्याकडे अजून असलेल्या एका छोट्या कंपनीची जाहिरात होती, पोस्टाच्या तिकिटाएवढा कोड आणि चार ओळी. ‘वहीत काय चिकटवू?’ म्हणाले. मी फोनने कोड स्कॅन केला. तेरा पानांची पीडीएफ उघडली. मी वाचत गेले आणि मराठीत सांगत गेले: विक्री, खर्च, नफा, मागच्या वर्षीचा आकडा. मग टिपा. चौथ्या टिपेत होतं, की एका उपकंपनीतल्या गुंतवणुकीचं मूल्य कमी दाखवण्याची व्यवस्थापनाला गरज वाटत नाही. बाबांनी हात वर करून थांबवलं. ‘का वाटत नाही?’

टिपेत ते लिहिलेलं नव्हतं. या कंपनीवर कुणी बातमी लिहीत नाही, गेल्या वर्षभरातली एकही मला सापडली नाही. पण भागधारकांसाठी कंपनीला एक ई-मेल पत्ता वेबसाइटवर द्यावाच लागतो. तो मी शोधला आणि लॅपटॉप मांडीवर घेतला. म्हटलं, ‘सांगा, काय लिहू?’

‘इंग्रजीत लिही.’

‘मराठीत सांगा, बाबा. कंपनी इथलीच आहे.’

त्यांनी थोडा वेळ घेतला. मग फोलिओ नंबर सांगितला, आता डीमॅट असलं तरी त्यांना जुना नंबर पाठ आहे, आणि किती शेअर, कोणत्या सालापासून तेही लिहायला लावलं. मग प्रश्न: उपकंपनी गेली तीन वर्षं तोट्यात आहे असं आपल्याच अहवालात दिसतं. तरी गुंतवणुकीचं मूल्य पूर्वीइतकंच धरलं आहे. ते कोणत्या आधारावर धरलं? मूल्यांकन कुणी केलं आणि कोणत्या तारखेला? ‘खाली लिही, कृपया शक्य झाल्यास कळवावे ही विनंती.’

मी टाइप केलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. बाबांनी डोळे मिटून ऐकलं. म्हणाले, ‘शक्य झाल्यास काढ.’